टीएसएच वाढलेला, मग थायरॉइड मंद कसा?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, तयार करते. पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरायची, हे त्यावर ठरते.

रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी टीएसएच जास्त सोडते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला ‘काम वाढव’ असा निरोप. थायरॉक्सिन पुरेसे झाले की निरोप आपोआप कमी होतो. पण थायरॉइडच मंदावली असेल, तर हाका वाढत जातात आणि काम होत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा चढलेला दिसतो. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, सतत थंडी वाजणे.

गोळी सुरू केल्यावर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि अनेक जण इथेच फसतात. बरे झालो असे समजून गोळी बंद करतात. खरे तर तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गरोदरपणात डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणे जास्त धोक्याचे, कारण पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असते.