वाणाचा धनी कोण?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे एक गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा. मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकावयाचे, पाऊस बसला म्हणजे बांध्यांत चिखल करून रोवणी उरकावयाची, आणि दिवाळीच्या मागेपुढे पिवळ्या पडलेल्या लोंब्यांना विळा लावावयाचा, हा येथील वर्षाचा क्रम होय. ज्याच्या कोठीत पेरणीपुरते बी शिल्लक नसेल त्याने शेजाऱ्याकडून ते उसने घ्यावे व सुगी झाल्यावर सवाईने किंवा दिढीने, म्हणजे खंडीस सव्वा किंवा दीड खंडी या हिशेबाने, फेडावे, ही जुनी रीत. हीच सवाई-दिढी सावकाराच्या हाती गेली की गळफास होत असे, हा भाग वेगळा. पण त्या व्यवहारातील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. परत करावयाचे ते धान्य. वाण परत करावयाचा नसे. एकदा तो दुसऱ्याच्या बांधीत उतरला की तो त्याचाही झाला, आणि तरी देणाऱ्याच्या घरून गेला असे होत नसे.

संगणकाला काय करावयाचे हे शब्दशः सांगणारी जी लेखी आज्ञावली, तीही नेमकी ह्याच जातीची वस्तू आहे. तिची प्रत दुसऱ्यास दिली म्हणून देणाऱ्याची प्रत नाहीशी होत नाही. मग ती सर्वांना मोकळी द्यावी काय? आणि मोकळी मिळालेली आज्ञावली घेऊन, तिला आपल्या पदरचे चार भाग जोडून कोणी ती विकू लागला, तर तो कारागीर म्हणावा की उपटसुंभ? पुण्यामुंबईत आणि नागपुरात संकेतस्थळे उभारून पोट भरणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. त्यांची चूलच त्यावर पेटते. त्याचा इतिहास सांगावयाचा तर सन १९८३ पासून आरंभ करणे सोयीचे. त्या एकाच वर्षी, एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन माणसांनी, एकाने विदर्भात आणि दुसऱ्याने अमेरिकेत, ह्या प्रश्नाच्या दोन टोकांना हात घातला.

पहिला माणूस एकोडीच्या नैर्ऋत्येस, त्याच धानपट्ट्यातला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातील प्रसिद्ध शहराशी त्याचा काही संबंध नाही. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. जमीन जेमतेम दीड एकर, शाळा अगदीच थोडी. १९८३ साली 'पटेल ३' ह्या वाणाच्या आपल्या धानात त्यांना तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या भाऱ्यात बांधून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढील हंगामी निराळ्या जागी लावल्या, रानडुकरांपासून राखण्यासाठी भोवती काटेरी कुंपण केले, आणि त्यांतून पुन्हा निवड केली. असे वर्षामागून वर्ष चालले. दाणा बारीक, भात चवदार आणि उतारा भरघोस, असा एक नवा वाण हळूहळू स्थिर झाला. १९९० च्या सुमारास गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने दीडशे किलो बी नेऊन चार एकरांत पेरले, त्याला पन्नास क्विंटल धान झाले. ते तळोधीच्या बाजारात गेले तेव्हा ह्या बिननावाच्या धानास काय म्हणावे असा प्रश्न पडला. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळांची मोठी चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव ठोकून दिले. बी हातोहात पसरले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा ओलांडून परप्रांतांतही गेले. देताना दादाजींनी कोणाकडून काही लिहून घेतले नाही. वाण देताना लिहून घ्यावयाचे असते ही कल्पनाच त्या मुलखात नव्हती.

१९९४ साली सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेले. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' ह्या नावाने वाण प्रसृत केला. मूळ बी मिश्र होते, ते शास्त्रीय रीतीने शुद्ध करून सुधारले, असे विद्यापीठाचे म्हणणे. ते सर्वस्वी टाकाऊ नाही. शुद्धीकरण हेही मेहनतीचे व विद्येचे काम आहे. पण वाणाच्या नावात 'पीकेव्ही' ही आद्याक्षरे आली आणि ज्याने तीन लोंब्या वेचल्या त्याचे नाव कोठेच आले नाही. दादाजींच्या बाजूने कायदा काय होता, असे कोणी विचारील तर उत्तर एका शब्दाचे आहे : नव्हता. वनस्पतीच्या वाणावर हक्क देणारा कायदाच त्या वेळी हिंदुस्थानात अस्तित्वात नव्हता. जे आपले म्हणून सिद्ध करता येत नाही, ते अटीवर देताही येत नाही.

हेच मर्म दुसऱ्या माणसाने उलट्या बाजूने हेरले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा आज्ञावलीकार काम करीत असे. त्याच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक मुद्रणयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. पूर्वीच्या यंत्राची आज्ञावली हाती असल्याने त्याने तीत फेरफार करून, कागद अडकताच संबंधितांस सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना. ज्या विद्वानाजवळ ती होती त्याने ती कोणास न दाखविण्याचे वचन कंपनीस दिले होते, म्हणून त्याने नकार दिला. गोष्ट क्षुल्लक, पण शेजाऱ्याने शेजाऱ्यास बी नाकारावे असा त्याचा अर्थ स्टॉलमनच्या मनाने घेतला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने 'ग्नू' ह्या नावाची संपूर्ण मुक्त आज्ञावली रचण्याचा संकल्प जाहीर केला.

नुसते मोकळे देऊन भागणार नाही, हे त्याला लवकरच उमगले. मोकळे दिलेले कोणीही घ्यावे, कुंपण घालावे, आणि मूळ देणाऱ्यासच बाहेर उभे करावे, हे सहज शक्य होते. म्हणून त्याने एक मोठी हिकमत केली. ग्रंथाप्रमाणे आज्ञावलीवरही ती लिहिताक्षणी कर्त्याचा स्वामित्वहक्क उत्पन्न होतो. सामान्यतः हा हक्क इतरांना मज्जाव करण्यासाठी वापरतात. स्टॉलमनने तो दार उघडे राहावे म्हणून वापरला. १९८९ साली निघालेल्या आणि १९९१ साली सुधारलेल्या 'जीपीएल' ह्या सार्वजनिक परवान्याचा आशय असा : ही आज्ञावली वापरा, तिची संहिता वाचा, तीत बदल करा, प्रती वाटा, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्याल तेव्हा ह्याच अटींवर द्या, संहितेसह द्या, आणि मूळ कर्त्यांची नावे पुसू नका. मालकी सोडून दिली असती तर ही अट घालता आली नसती. मालक राहूनच त्याने दानाला राखणदार नेमला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ह्या परवान्यात पैसे घेण्यास बंदी नाही. इंग्रजीत 'फ्री' ह्या एकाच शब्दाने मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे हा घोटाळा तिकडे फार झाला. मराठीला ते दोन शब्द निराळे आहेत हे आपले भाग्य. १९८५ साली स्वतः स्टॉलमनच आपल्या आज्ञावलीच्या फिती दीडशे डॉलरला एक याप्रमाणे विकून निर्वाह करीत होता. घेणाऱ्याने मात्र त्या फितीच्या हव्या तितक्या प्रती काढाव्या. त्यास त्याची ना नव्हती.

पुढे ह्या परवान्याची खरी कसोटी संकेतस्थळांच्या धंद्यात लागली. मिशेल वाल्द्रिघी ह्या फ्रेंच तरुणाने 'बी२' नावाची आज्ञावली लिहिली होती. ती थंडावली तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनी, परवान्याने दिलेल्या मुभेनुसार, तिच्याच खोडावर नवी फांदी धरून २००३ च्या मे महिन्यात 'वर्डप्रेस' प्रसिद्ध केली. आज जगातील शेकडा चाळीसांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत. २००४ पासून तिला बाहेरून जोडभाग, म्हणजे प्लगइन, लावण्याची सोय झाली, आणि त्या जोडभागांचा बाजार भरला. काही फुकट, काही विकत. विकणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटू लागले की, आमचा भाग आम्ही लिहिला, त्यावर आमचे कुलूप का नसावे? ह्याच स्वरूपाचा वाद २०१० साली 'थीसिस' नावाच्या एका विकत मिळणाऱ्या साजावरून पेटला. वर्डप्रेसच्या खोडाशिवाय ही फांदी जगतच नाही, तेव्हा तिला खोडाचाच परवाना लागू, असे मुलेनवेग यांचे म्हणणे. कर्त्याला ते मान्य नव्हते. अखेर त्याने संहितेपुरता मुक्त परवाना मान्य केला, चित्रे व सजावट स्वतःकडे राखली. वाद न्यायालयापर्यंत गेला नाही, त्यामुळे कायद्याचा मुद्दा अनिर्णीतच राहिला.

दादाजींच्या हकीकतीशी सर्वांत जवळचे नाते आहे ते २०११ सालच्या एका प्रकरणाचे. 'जिगोशॉप' नावाचा, संकेतस्थळावर दुकान थाटून देणारा एक मुक्त जोडभाग होता. 'वूथीम्स' ह्या कंपनीने त्याची संहिता घेतली, त्याचे दोन मुख्य कारागीरही आपल्याकडे नोकरीस घेतले, आणि 'वूकॉमर्स' ह्या नावाने नवा जोडभाग काढला. परवान्याच्या एकाही अक्षराचा भंग झाला नाही. पण जिगोशॉपवाल्यांना काय वाटले असेल ह्याची कल्पना नांदेडच्या शेतकऱ्याला निश्चित करता आली असती. वूकॉमर्स फोफावला, २०१५ साली मुलेनवेग यांच्या कंपनीने तो वूथीम्ससह विकत घेतला, आणि जिगोशॉपचे नाव आज धंद्यातल्या जुन्या माणसांखेरीज फारसे कोणास आठवत नाही. ज्याने मोकळे दिले त्याला तक्रार करण्याचा हक्क नसतो, हे कायद्याने खरे. तक्रारीला जागाच नसते, असे मात्र म्हणता येणार नाही.

उलट टोकाचीही मंडळी आहेत. विकत मिळणारा जोडभाग एकदा खरेदी करावयाचा आणि त्याच्या प्रती नाममात्र किमतीला शेकड्यांनी विकावयाच्या, हा उद्योग करणारी दुकाने निघाली आहेत. मुक्त परवाना असेल तर हेही कायदेशीरच. मूळ व्यापारी नाम आपले म्हणून मिरविता येत नाही, इतकेच. ज्या कारागिराने वर्षभर राबून तो भाग रचला, दोष निघाले की रात्री जागून दुरुस्त केले, त्याच्या अन्नात ही माती कालविणेच नव्हे काय? म्हणूनच शहाणे कारागीर प्रतीचे पैसे घेत नाहीत. पुढील सुधारणा, अडचणीत मिळणारे साहाय्य आणि आपला भरवसा ह्यांचे घेतात. एकोडीच्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. बी कोणाकडेही मिळते. निवडलेले, निर्मळ आणि उगवणारे बी कोणाकडे मिळते हे मात्र गावाला ठाऊक असते, आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजले जातात.

सत्ता मात्र येथेही आडवी येते. २०२४ च्या ऑक्टोबरात, वर्डप्रेसचे अधिकृत भांडार ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी, 'एसीएफ' नावाचा एक लोकप्रिय जोडभाग, त्याच्या मालक कंपनीशी भांडण चालू असताना, भांडारातील त्याच्याच जागेवर नाव बदलून आपल्या हाती घेतला. नवी फांदी धरण्यास परवान्याची आडकाठी नव्हती. पण दुसऱ्याच्या दारावरची पाटी बदलणे निराळे. डिसेंबरात अमेरिकन न्यायालयाने अंतरिम हुकूम दिला आणि ती जागा मूळ मालकास परत मिळाली.

बियाण्यालाही असाच परवाना जोडावा, ही कल्पना अनेकांना सुचली. २०१२ साली अमेरिकेत काही पैदासकारांनी मुक्त बियाण्यांची एक संघटना स्थापिली. आरंभी त्यांचा विचार कायदेशीर परवान्याचा होता. पण आज्ञावलीवर लिहिताक्षणी हक्क उत्पन्न होतो, तसा बियाण्यावर आपोआप होत नाही. मग अट टांगावयाची कोणत्या खुंटीला? शेवटी त्यांनी पाकिटावर छापावयाच्या एका प्रतिज्ञेवर समाधान मानले. हिंदुस्थानने २००१ साली वाणसंरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्यास त्याची नोंद करता येते. आणि बी राखणे, पेरणे, वाटणे, विकणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात शाबूत ठेवला आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकण्यास मनाई आहे. सवाई-दिढीच्या मुलखातील रीत आणि पैदासकाराचे श्रेय ह्या दोहोंना एका कायद्यात बसविण्याचा हा यत्न निःसंशय स्तुत्य आहे. दादाजींच्या पाच किलोंना मात्र तो सात वर्षे उशिरा आला.

वर्डप्रेसची प्रत्येक प्रत आजही जेथे जाते तेथे तिच्या परवान्याच्या कागदात एक ओळ घेऊन जाते : मूळ 'बी२'चा स्वामित्वहक्क २००१ व २००२ साली मिशेल वाल्द्रिघी यांचा. वाचणारा कोणी नसला तरी ओळ पुसता येत नाही. एचएमटी धानाच्या पोत्यावर अशी ओळ नाही. ज्या घड्याळांचे नाव त्याला मिळाले ती घड्याळे करणारी सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. धान त्याच नावाने बाजारात येतच आहे. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, २०१० साली 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांची गणना केली, आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे, उपचार चालू असताना, त्यांचे निधन झाले. एचएमटीनंतरही त्यांनी अनेक वाण निवडून काढले. त्यांपैकी एकाचे नाव व्यापाऱ्याने ठेवावे इतकी वाट त्यांनी पाहिली नाही. दादाजी रामाजी खोब्रागडे ह्या आपल्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांनी स्वतःच ते 'डीआरके' असे ठेवले.