बटण लावण्याची विद्या

'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकला की पुष्कळांचा घोटाळा होतो. व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. मग तीन वर्षांच्या पोराला कसला आला आहे व्यवसाय? शब्द जरा फसवा आहे, हे आम्हीही कबूल करतो. परंतु जेवणे, कपडे घालणे, खेळणे, पाटीवर रेघ ओढणे हाच बालकाचा व्यवसाय होय, आणि तो त्याला होईल तितका स्वतःच्या हाताने करता यावा, एवढ्यासाठी ही विद्या आहे.

अमेरिकेत १९१७ साली या मंडळींची राष्ट्रीय संस्था निघाली आणि महायुद्धातील जायबंदी सैनिकांनी तिला लगोलग काम पुरविले. आपल्याकडे ही विद्या एका सुनेच्या पावलांनी आली, असे म्हणावयास हरकत नाही. क्वेकर घराण्यात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमलाबाई निंबकर झाल्या, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी तिची शाळा काढली. आशियातील ती पहिली मानली जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षीच्या जागतिक संघाच्या संस्थापक देशांतही भारत होता.

तो काळ पोलिओचा. काल धावणारे मूल तापातून उठे ते लुळा पाय घेऊन. मुंबईत अशा मुलांसाठी काम उभारणाऱ्या फातिमा इस्माइल यांच्या स्वतःच्या मुलीलाच हा आजार झाला होता. या कामात घरच्या माणसांचा वाटा आरंभापासून असा आहे.

आणि खरी अडचणही घरातच येते. दुबळ्या हाताच्या मुलाला आई भरविते, न्हाऊ घालते, बटणे लावते, मायेनेच. उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, त्याचे त्याला जेवू द्या. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड करा, ताटाखाली ओला रुमाल ठेवा म्हणजे ते सरकणार नाही. तरीही निम्मा वरणभात सांडतो, आणि आजी विचारते, "लेकराला उपाशी ठेवता की काय?" आमच्या मते आजीचे अगदीच चुकत नाही. दहा मिनिटांच्या जेवणाला तास लागू लागला, तर बाकीचे घर कोणी सांभाळावे?

म्हणून जाणती बाई थोडेच मागते. शर्ट आईने घालावा, शेवटचे बटणही काजात अर्धे सरकवावे. ओढून काढावे तेवढे मुलाने. ते जमले की पुढच्या खेपेस आईने बटण काजाच्या तोंडाशीच सोडावयाचे. काम मुलाच्या हातून पुरे होते, म्हणून त्याला हुरूप येतो.

भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला. २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. आता या बायांकडे मेंदूच्या पक्षाघाताची, स्वमग्नतेची मुले येतात. बटण तेच आहे, आणि शेजारी आई बसलेली असते, हात आवरून धरीत.