ओळंबा आणि भिंग

गोमंतकातील देवालयाचे छायाचित्र काढावयास उभा राहिलेला मनुष्य फारसा मागे सरू शकत नाही. चहूंबाजूंस अग्रशाळा, मध्ये चौक, चौकात दीपस्तंभ आणि तुळशीवृंदावन. दहापंधरा पावलांतच त्याची पाठ कुठल्यातरी खांबाला टेकते. मग तो रुंद कोनाचे भिंग लावतो, किंवा हातातल्या फोनवर तशी सोय निवडतो. आणि शिखर, मंडप, दीपस्तंभ असे सारे एका चौकटीत येते. परंतु येताना ते जसेच्या तसे येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या समितीपुढे असेच एक चित्र ठेवण्यात आले. दीपस्तंभ देवालयाकडे झुकला आहे, सबब तो उतरवून सिमेंटचा नवा बांधावा, असा प्रस्ताव होता आणि पुरावा म्हणून ते चित्र होते. व्यवसायाने वकील म्हणून आम्हांस मत विचारण्यात आले. डाव्या कडेचा स्तंभ खरोखरच आत कललेला दिसत होता. मात्र त्याच चित्रात उजव्या कडेचा अग्रशाळेचा खांबही तितकाच आत कललेला होता, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हते. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले त्यातील काही भाग येथे देत आहोत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, वास्तूच्या चित्रात तीन निरनिराळे दोष असतात आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात. सरळ रेषा पिंपाच्या कडेसारखी बाहेर फुगते, हा भिंगाचा दोष. उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, हा भिंगाचा नव्हे, कॅमेरा वर तोंड करून धरणाऱ्याचा दोष. तिसरा तर दोषच नव्हे: निर्दोष भिंगातूनही कडेची वस्तू बाहेरच्या दिशेने ताणली जाते. मध्यापासून ४५ अंशांवर असलेला वाटोळा कलश सुमारे १.४ पट लांबोळा उमटतो. ही भूमितीची किंमत आहे. ती कोणत्याही कारागिराला चुकविता आलेली नाही.

पहिल्या दोषाचे मूळ भिंगाच्या काचेपेक्षा प्रकाश अडविणाऱ्या झडपेच्या जागेत अधिक असते. छायाचित्रणाच्या आरंभीच्या दशकांत देखाव्यांसाठी वापरीत त्या साध्या भिंगाच्या पुढे ही झडप असे, आणि त्यामुळे रेषा बाहेर फुगत. झडप मागे नेली तर त्या आत दबत. मग दोन सारखी भिंगे समोरासमोर ठेवून झडप मधोमध बसविली, तर एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या दाबाने जवळजवळ नाहीसा होतो. न्यूयॉर्कचे हॅरिसन व श्निट्झर यांचे गोलाकृती भिंग १८६२चे, राथेनोच्या एमिल बुश याचे पँटोस्कोप १८६५च्या सुमाराचे. १८६६ साली तर म्यूनिकचा श्टाइनहाइल आणि लंडनचा डॉलमायर यांनी जवळजवळ एकच रचना एकाच वेळी पुढे आणली, आणि प्रथम कोण याचा वाद बराच रंगला. असे वाद आम्हांस परिचयाचे असल्याने आम्ही त्यात पडत नाही.

भिंगे सुधारत असतानाच एका तरुणाला निराळाच प्रश्न पडला होता. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा प्रशियातील स्थापत्यकार. १८५८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, वेट्झलार येथील मोठ्या चर्चची मापे घेण्याचे काम त्याच्याकडे आले. पराती बांधण्याचा खर्च वाचावा म्हणून तो दोरांनी टांगलेल्या पाळण्यात बसून भिंतीवर वरखाली फिरत असे. एके दिवशी पाळण्यातून खिडकीत पाय ठेवताना पाळणा भिंतीपासून दूर सरला आणि तो खाली पडता पडता वाचला. उतरता उतरता त्याच्या मनात आले की, चित्रकार वास्तूवरून यथादर्शन काढतो, तर यथादर्शनावरून वास्तू का काढता येऊ नये?

कल्पना सोपी, अटी कडक. भिंगापासून काचेचे अंतर नेमके ठाऊक असले पाहिजे. काच ओळंब्यात उभी असली पाहिजे, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतील. क्षितिजाची आडवी व मध्याची उभी रेषा चित्रावरच उमटली पाहिजे. आणि दोन ठिकाणांहून चित्र घेऊन त्या दोन ठिकाणांमधील अंतर जमिनीवर मोजलेले असले पाहिजे. १८६७ साली त्याने आपल्या कॅमेऱ्यास बुशचे १०५ अंशांचे पँटोस्कोप बसविले आणि या विद्येला ‘फोटोग्रामेट्री’ हे नावही त्याच साली दिले. लोकांचा विश्वास बसावयास मात्र वेळ लागला. सरकारी संस्था १८८५ साली बर्लिनमध्ये निघाली. पुढील पस्तीस वर्षांत तिने सुमारे वीस हजार काचा साठविल्या. दुसऱ्या महायुद्धात वास्तू कोसळल्या तेव्हा यांतील काही काचांवरून त्यांची मापे पुन्हा मिळविता आली.

त्याच १८५८ साली आपल्या देशात लिनीअस ट्राइप हा मद्रास सरकारचा छायाचित्रकार तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात काम करीत होता. भोसल्यांचे तेथील राज्य खालसा होऊन तीनच वर्षे झाली होती. विमानाच्या पायथ्याभोवतीचा शिलालेख त्याला टिपावयाचा होता. त्याने भिंतीच्या कडेकडेने सरकत एकवीस चित्रे घेतली आणि ती जोडून सुमारे एकोणीस फुटांची पट्टी केली. चौकटीत न मावणारे एका चौकटीत कोंबण्यापेक्षा स्वतः चालणे बरे, हा त्याचा हिशेब अक्षरे वाचणाऱ्याच्या सोयीचा होता.

पुढचा प्रवास झटपट सांगतो. १९०० साली ग्योर्त्स कंपनीचे हायपरगॉन भिंग आले. कोन सुमारे १३५ अंश. चित्राचा मध्य इतका उजळ आणि कडा इतक्या अंधाऱ्या पडत की, भिंगापुढे ताऱ्याच्या आकाराची चक्री हवेच्या फुंकरीने फिरवावी लागे. कॅमेरा न वळविता भिंगच वर सरकविण्याची युक्ती मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांत जुनीच होती. १९६२च्या सुमारास निकॉनने ती लहान कॅमेऱ्यांतही आणली.

यानंतरची गोष्ट आम्हांस सर्वांत हृद्य वाटली. अमेरिकेतील ड्वेन ब्राउन या शास्त्रज्ञाने भिंगाच्या वाकडेपणाचे गणित १९६६ साली मांडले, आणि १९७१ साली ते आकडे प्रत्यक्ष मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. रीत अशी: काळ्या पार्श्वभूमीपुढे ओळंबे सोडावे, त्यांचे चित्र घ्यावे, आणि चित्रातील वाकडे दोरे सरळ होईपर्यंत गणितातील आकडे बदलीत जावे. गवंड्याच्या थैलीतले हत्यारच भिंगाची उलटतपासणी घेते! आज फोनमध्ये आणि संगणकात फुगवटा आपोआप काढणारी जी सूत्रे आहेत, त्यांतील पुष्कळशी याच कुळातली आहेत.

आठ दिवसांनी समितीत आम्ही एवढेच सुचविले की, दीपस्तंभावरूनही ओळंबा सोडून पाहावा. वृद्ध गवंडी वर चढला. चारी बाजूंनी दोरी सोडली. स्तंभ बोटभरही कललेला नव्हता. छायाचित्रकाराने शिखर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर उचलला होता, इतकेच. दीपस्तंभ आजही उभा आहे.

जुन्या सभामंडपाचे भाग्य तसे नव्हते. तो त्यापूर्वीच उतरविला गेला होता. आता लाकडी मंडप पूर्वीसारखाच हवा, असे महाजनांच्या मनात आले, तेव्हा स्मरणिकेत छापलेले एकच चित्र हाती लागले. त्यात सारे खांब ओळंब्यात होते. कोणीतरी ते संगणकावर सरळ केलेले होते. पण कॅमेरा किती कलता होता आणि भिंग कोणते होते हे न पाहता रेषा उभ्या केल्या की, वास्तूची उंची व रुंदी यांचे प्रमाण बिघडू शकते; आणि चित्र तर आता डोळ्यांस निर्दोष दिसते. कललेल्या चित्रावर निदान संशय तरी घेता येतो. मूळ चित्र विचारले, तर जागा अडते म्हणून ते पुसून टाकल्याचे कळले. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र अशा चित्राला जोडता येईलही. परंतु मंडप किती उंच होता हे त्या प्रमाणपत्रातून कळावयाचे नाही.

मेस्त काही वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, जुन्या खांबांपैकी एखादा कुठे शिल्लक आहे का. एक होता, अग्रशाळेच्या मागे, पालख्यांच्या दांड्यांखाली आडवा पडलेला. आम्ही तिघांनी तो ओढून बाहेर काढला. मेस्ताने त्याची लांबी मोजली, नंतर जाडी. तेवढ्यावरून चित्रातल्या मधल्या खांबाची उंची जाडीच्या मानाने किती वाढली आहे हे निघत होते. दोन्ही आकडे त्याने खडूने अग्रशाळेच्या भिंतीवर लिहिले आणि स्मरणिका पुन्हा मागितली.