एका शिलिंगची शिकवणी

गेल्या जूनमध्ये माझ्या मुलीनं माझ्यापुढं तीन पत्रकं ठेवली. "अब्बा, सनाला सायन्सची शिकवणी लावायची आहे. यातली कुठली, ते तुम्ही बघून सांगा." सना माझी नात, नुकतीच चौथीत गेलेली. तिच्या शाळेत विज्ञान नावाचा वेगळा विषय अजून सुरूही झालेला नाही, परिसर अभ्यास आहे. आणि मी बी.ए., तोही मराठी घेऊन. कविता लिहिणाऱ्याला हे विचारणं म्हणजे दाढी करायला सुताराकडं जाणं. पण दुपारी घरी असणारा, चौकशीला मोकळा माणूस मीच.

नाही म्हणायला मला तोंडही नव्हतं. दहावीनंतर याच मुलीला सायन्सला जायचं होतं. क्लासची फी ऐकून मी तिला आर्ट्स सुचवलं. "तुलाही पुस्तकं आवडतात की," असं म्हणालो. ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही कधी तो विषय काढला नाही.

पहिलं पत्रक गुळगुळीत कागदावरचं. चौथीपासून पाया पक्का, दर रविवारी चाचणी, वर्षाला २४ हजार. दुसऱ्यात चाचण्या होत्याच, वर रोबो बनवायची पेटी; तिचे पैसे वेगळे. तिसरं झेरॉक्स केलेलं. निवृत्त शिक्षिका, घरीच शिकवणार, आठवड्यातून दोन दिवस, महिना ४०० रुपये.

काही ठरवायचं झालं की जुन्या काळी लोक ते कसं ठरवत होते, हे धुंडाळायची मला खोड आहे. या वेळी धुंडाळत मी जाऊन पोचलो लंडनमधल्या एका बुकबाइंडरच्या दुकानात.

मायकेल फॅरेडेचा जन्म १७९१ चा. बाप लोहार. शाळा झाली ती लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड एवढीच. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जॉर्ज रीबो या बुकबाइंडरकडं उमेदवारीला राहिला. बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्यानं असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तकही तिथंच हाती लागलं. ते सगळं संवादात लिहिलेलं आहे. एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी बोलत बसल्या आहेत.

१८१० मध्ये त्याला कळलं की टॅटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं देतात. फी दर व्याख्यानाला एक शिलिंग. उमेदवाराजवळ शिलिंग कुठून येणार? ते थोरल्या भावानं, रॉबर्टनं दिले. रॉबर्टही लोहारच. वर्ष-दीड वर्षात मायकेलनं अशी डझनभर व्याख्यानं ऐकली. पुढं १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला सर हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं टिपणं घेतली, ती नीट उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींकडं पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. १८३१ मध्ये चुंबकाच्या साहाय्यानं वीज निर्माण करून दाखवली ती त्यानंच. आपल्या घरात येणारी बरीचशी वीज आजही त्याच तत्त्वावर तयार होते.

चरित्र लिहिणारे साहजिकच मायकेलकडं बघतात. माझी नजर मात्र रॉबर्टवर अडकली. ऐरणीवर घाम गाळून मिळालेला शिलिंग भावाच्या हातावर ठेवताना त्यानं "याचा उपयोग काय?" असं विचारलं असेल का?

आणि ते दुकान! मिरजेला आमच्या अब्बांचंही बाइंडिंगचं दुकान होतं. दाभण, पुठ्ठे, कापडी पाठी आणि खळीचं पातेलं. खळ शिजत आली की अब्बा तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. "कीड लागत नाही. विषारी असतं, हात लावू नकोस." मी हात लावला नाही आणि पुढं काही विचारलंही नाही. निळ्या रंगावर पुढं एक कविता तेवढी केली.

हाच फॅरेडे पुढं मुलांचा मास्तर झाला. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. फॅरेडेनं अशा १९ मालिका दिल्या. १८६० च्या नाताळात, सत्तरीला टेकलेला असताना, त्यानं विषय घेतला मेणबत्ती. एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं! ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी बाहेर येणारी वाफ पेटवून दाखवायची. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. तिथून निघून तो शेवटी पोचला आपल्या श्वासापर्यंत.

आपल्याकडं पाहिलं तर जगदीशचंद्र बोस आठवतात. वडील सरकारी अधिकारी, पण मुलाला त्यांनी आधी इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातलं. वर्गात त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसायचा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पक्ष्यांच्या, जनावरांच्या, पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी आपण या मुलांकडून ऐकल्या आणि निसर्गाविषयीची ओढ तिथंच लागली असावी, असं बोसांनी पुढं सांगून ठेवलं आहे. या शिकवणीला तर शिलिंगही लागला नाही.

अलीकडचं उदाहरण मध्य प्रदेशातलं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी एक प्रयोग सुरू झाला. चार-चार मुलांची टोळी, हाताशी साहित्याची पेटी, आधी प्रयोग आणि मग चर्चा. परीक्षेत पुस्तक उघडून बसायला परवानगी. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथं गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीतल्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. पुढं २००३ ते २०१४ पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान दाखवलं. होशंगाबादचा प्रयोग मात्र शेकडो शाळांत पसरूनही २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. दहावीच्या निकालाचा मुद्दा त्या वादात पुढं केला गेला होता.

पालकांच्या भीतीला मी हसणार नाही. "सहावीत होमी भाभा परीक्षा असते, तिथं सना मागं पडली तर?" मुलीनं विचारलंच. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनं १९८१ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा. तिथं लेखी परीक्षेनंतर निवडलेल्या मुलांची प्रात्यक्षिकंही घेतात, एवढं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. झालं असतं तरच नवल.

तिन्ही ठिकाणी सनाला घेऊन गेलो. पहिल्या ठिकाणी चाळीस मुलं खाली मान घालून पर्यायांवर खुणा करत होती. रोबोच्या क्लासमध्ये पेटी चांगली होती, पण जोडणी सरच करून दाखवत होते. बाईंच्या घरी सात मुलं एका मेणबत्तीभोवती बसलेली. जळतंय काय, वात की मेण, यावर भांडण चाललं होतं. बाई पोहे परतत परतत ऐकत होत्या. मधे पडल्या नाहीत.

सनाचं नाव तिथं घातलं. मुलगी म्हणाली, "सहा महिने बघू."

पहिल्याच आठवड्यात सनानं घरी मेणबत्ती मागितली. आगपेटी तिच्या आईनं स्वतःच्या हातात ठेवली. सनानं फुंकर मारली, धुराची पांढरी रेघ वर निघाली. "आई, काडी त्या धुराला लाव, वातीला नको." मुलीनं दोन बोटं वर काडी धरली. ज्योत धुरातून खाली उडी घेऊन वातीवर जाऊन बसली.

"पुन्हा विझव," मुलगी म्हणाली.