बाळाची उंच खुर्ची

मूल बसूं लागलें कीं त्याला भरविण्यासाठीं उंच खुर्ची कोणती घ्यावी, हा प्रश्न आतां बीड आणि अंबाजोगाई येथील सुशिक्षित कुटुंबांतही निघतो. प्रश्न किरकोळ दिसतो. परंतु एखादी वस्तु कोणत्या गरजेंतून जन्मास आली हें पाहिलें म्हणजे तिची निवड सोपी होते, असें आम्हांस वाटतें.

युरोपांतील उंच खुर्ची ही मेजाची कन्या होय. मोठीं माणसें मेजाशीं जेवीत, म्हणून मुलालाही त्या उंचीवर न्यावें लागे. सतराव्या शतकांतील अशा लांकडी खुर्च्या आजही संग्रहालयांत आहेत. पुष्कळ जुन्या खुर्च्यांना पुढची फळी नसे. मूल सरळ मेजाशींच बसे. पुढें फळी आली आणि मुलाचें जेवण वडील माणसांपासून निराळें झालें.

आमच्याकडे मेजच नव्हतें. आजोबा पाटावर, तसा नातूही पाटावर. उष्टावणाचा घास पुष्कळ घरीं मामाच्या मांडीवर बसून घेतला जाई. मग आजीच्या मांडीवरून मूल आपल्या लहानशा पाटावर उतरे. पाळणा निजण्यासाठीं होता, पांगुळगाडा चालण्यासाठीं. बसण्यासाठीं निराळें साधन सुताराकडून करून घेण्याची गरज पडली नाहीं. याचें कारण अडाणीपणा नव्हे. सारी पंगतच जमिनीवर असल्यामुळें मुलाला वर चढवावयाचें प्रयोजन नव्हतें. आणि तें कलंडलें तरी चार बोटांवरूनच कलंडे. अर्थात् या पंगतीचा फार अभिमानही बाळगूं नये, कारण घरांतील स्त्रिया तींत नसत. त्या मागाहून जेवीत.

१९७२ सालीं नॉर्वेंतील पीटर ऑप्सविक या रचनाकारानें ‘ट्रिप ट्रॅप’ नांवाची खुर्ची केली. आपल्या लहान मुलाला मेजाशीं नीट बसतां येत नाहीं, हें पाहून त्याला ती सुचली. मूल वाढेल तशी तिची बैठक आणि पाय टेकण्याची फळी खालींवर करतां येते, आणि मूल पुन्हां घरच्या माणसांच्या पंगतीस येतें. आमचा पाट जें सहज साधीत होता, तेंच या खुर्चीनें विचारपूर्वक साधलें.

यावरून निवडीची कसोटी ठरते. मान सांवरून मूल बसूं लागलें, म्हणजे सुमारें सहा महिन्यांनीं, खुर्ची घ्यावी. तिचे पाय खालीं रुंद पसरलेले असावेत. कमरेला व मांड्यांमध्यें पट्टा असावा. मुलाचे पाय लोंबकळत न राहतां टेकावेत. आणि ती धुतां यावी. मूल तींत असतां त्याला एकटें सोडूं नये. घरांत जेवण जमिनीवर होत असेल, तर पाट पुरेसा आहे.

त्याच १९७२ सालच्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. आजही दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाच्या हिशेबीं नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. त्या हिशेबांत मुलाला जागा नाहीं. आई मोळ्या बांधीत असतां तें झाडाच्या झोळींत किंवा पाचटावर असतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं रुजविलेली अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतून गांवोगांव पोंचली खरी. पण अंगणवाडी गांवीं राहते आणि मूल फडावर जातें.

आपल्या नातवाच्या खुर्चीचे पट्टे आम्ही ओढून पाहतों, तें योग्यच आहे. परंतु आमच्याच जिल्ह्याच्या त्या मुलांसाठीं फडाजवळ एक सावलीची जागा आणि त्यांना सांभाळणारी एक बाई असावी, हा आग्रहही आम्हीं तितक्याच काळजीनें धरला पाहिजे. मूल कोठें बसवावें, हा प्रश्न तेथें अधिक निकडीचा आहे.