देशमुख दांपत्याचे उत्तरायुष्य

दिल्लीच्या मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर ‘दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस’ या नावाचे एक स्थानक आहे. गेल्या हिवाळ्यात आमचे तीर्थरूप चिपळूणहून आमच्याकडे आले असता एके दिवशी त्या स्थानकावरून जाण्याचा योग आला. नाव ऐकताच ते म्हणाले, “ह्या देशमुख कोण रे? आपल्याकडच्या का?” आम्ही तत्परतेने “होय” म्हणून सांगितले. परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास आपल्याकडचे आडनाव एखाद्या फलकावर दिसले की अधिक चौकशी करण्याची गरज वाटत नाही. घरी येऊन पाहतो तो आमचे उत्तर चुकलेले! दुर्गाबाई ह्या आंध्रातील राजमहेंद्रीच्या. देशमुख हे नाव त्यांना लाभले ते वयाची त्रेचाळीस वर्षे पुरी झाल्यावर. आणि ज्यांच्यामुळे ते लाभले, त्या चिंतामणराव देशमुखांचे वय त्या वेळी सत्तावन्न वर्षांचे होते. या विवाहाची नोंद एका ओळीत वाचून आम्ही आजवर पुढे जात आलो. त्या ओळीपाशी आता का थांबलो, ते शेवटी सांगू.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. १९१२ सालच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी जमीनमहसुलापासून अर्थखात्यापर्यंतची कामे पाहिली. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेकडे आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर जगाच्या अर्थव्यवहाराची घडी बसविण्यासाठी जी परिषद भरली, तीत भारताच्या प्रतिनिधींमध्ये ते होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढील वर्षी ते भारताचे अर्थमंत्री झाले. या सर्व धामधुमीत कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद त्यांनी केला, आणि संस्कृत श्लोकरचना तर अखेरपर्यंत चालू ठेवली.

आमच्यासारख्या कारकुनाच्या भाषेत सांगावयाचे तर हे त्यांचे सेवापुस्तक झाले. सेवापुस्तकात पदे असतात, तारखा असतात, घर नसते. चिंतामणरावांनी तरुणपणी इंग्लंडात रोझिना या इंग्रज युवतीशी विवाह केला होता. त्यांना एक कन्या झाली. १९४९ साली रोझिनाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी चिंतामणरावांची बँकेतील कारकीर्द संपली होती. तीस वर्षांचा संसार आणि तीस वर्षांची नोकरी अशी एकाच वर्षी संपलेली, आणि वय त्रेपन्न! आपल्याकडे अशा माणसास ‘आता निवांत बसावे’ असे सांगण्याची रीत आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण निवांत बसणे म्हणजे काय, हे ज्याला बसावे लागते त्यालाच ठाऊक.

दुर्गाबाईंची वाट अगदी निराळी. १५ जुलै १९०९ चा त्यांचा जन्म. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावण्यात आले. जाणत्या वयात आल्यावर तो संसार करण्यास त्यांनी नकार दिला. १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खादीप्रदर्शनाच्या दारावर ही चौदा वर्षांची स्वयंसेविका उभी होती. तिकीट नाही म्हणून तिने प्रत्यक्ष जवाहरलाल नेहरूंना अडविले आणि तिकीट आल्यावरच आत सोडले. पुढे मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. सुटल्यावर शिक्षणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडला, पदवी घेतली, आणि कायद्याची परीक्षा देऊन मद्रासला वकिली केली. १९३७ साली त्यांनी आंध्र महिला सभेची स्थापना केली. घटनासमितीत त्या मद्रासकडून निवडून आल्या आणि १९५२ साली नियोजन मंडळाच्या सदस्य झाल्या.

नियोजनाच्या कामात या दोघांचा निकट परिचय झाला. एकाची वाट केंब्रिज आणि सचिवालय यांतून आलेली, तर दुसरीची तुरुंग आणि महिलाश्रम यांतून. ज्या राजवटीने चिंतामणरावांस ‘सर’ केले, तिनेच दुर्गाबाईंस बंदिवासात टाकले होते. मातृभाषा भिन्न, प्रांत भिन्न, वयात तेरा वर्षांहून अधिक अंतर. काळही पाहा. स्वतंत्र आंध्रासाठी उपोषण करून पोट्टी श्रीरामुलू यांनी डिसेंबर १९५२ मध्ये देह ठेवला होता आणि भाषावार प्रांतांच्या प्रश्नाने सारा देश ढवळून निघाला होता. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, २२ जानेवारी १९५३ रोजी, एका तेलुगू स्त्रीने आणि एका मराठी पुरुषाने दिल्लीत नोंदणीपद्धतीने विवाह केला. साक्षीदारांच्या सह्यांत एक सही पंतप्रधान नेहरूंची होती. तीस वर्षांपूर्वी ज्यांना तिने दारात अडविले, तेच आता तिच्या विवाहाचे साक्षीदार झाले.

उतारवयातील विवाह म्हणजे एकमेकांच्या आधाराने केलेला विसावा, अशी आपली समजूत असते. या दांपत्याने ती खोटी ठरविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद दुर्गाबाईंकडे आले. चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात १९५५ साली स्टेट बँक अस्तित्वात आली आणि १९५६ च्या आरंभी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. मग मुंबईचा प्रश्न आला. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय आणि तेथील गोळीबार यांमुळे चिंतामणरावांनी राजीनामा दिला, आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून त्याची कारणे परखडपणे सांगितली. महाराष्ट्राने त्या भाषणासाठी त्यांस डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. पण त्या राजीनाम्याकडे घराच्या बाजूने कोणी पाहिले आहे काय? ज्या नेहरूंनी विवाहावर साक्षीदाराची सही केली, त्यांच्याच मंत्रिमंडळातून पती बाहेर पडत होता. आणि पत्नी त्याच सरकारने नेमलेल्या मंडळाची धुरा वाहत होती. तत्त्वासाठी पद सोडण्याचे धैर्य माणसात असते हे खरे. परंतु ज्या घरात दुसऱ्यानेही पूर्वी तत्त्वासाठी तुरुंग पत्करलेला असतो, तेथे राजीनाम्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसावा, असे आम्हांस वाटते.

मंत्रिपद गेल्यावर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. १९६२ पासून पाच वर्षे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. लोदी उद्यानालगतच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या वास्तूचे उद्घाटन डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्ते २२ जानेवारी १९६२ रोजी झाले. तारीख वाचकांच्या ध्यानात आली असेलच: विवाहाला त्या दिवशी नऊ वर्षे पुरी झाली होती. योगायोग म्हणा वा आणखी काही म्हणा. त्याच वर्षी दुर्गाबाईंनी त्याच वास्तूत सामाजिक विकासाच्या अभ्यासासाठी एक मंडळ सुरू केले. आजची ‘कौन्सिल फॉर सोशल डेव्हलपमेंट’ ती हीच. १९६९ साली चिंतामणराव राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान दोघांनाही एकाच वर्षी मिळाला. अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादेत, म्हणजे दुर्गाबाईंच्या मुलखात, काढली. लग्न करून नवऱ्याच्या गावी जावे ही रूढी. येथे कोकणचा पुत्र पत्नीच्या भाषेच्या प्रदेशात जाऊन राहिला.

१९८० साली दुर्गाबाईंचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘चिंतामण अँड आय’. आमच्या आजीने आजोबांचे नाव जन्मात घेतले असेल तर ते उखाण्यात! दुर्गाबाईंनी ते मुखपृष्ठावर छापले, आणि त्याच्या शेजारी ‘मी’ हा शब्दही ठेवला. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. चिंतामणराव त्यानंतर सतरा महिनेही राहिले नाहीत; २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथेच त्यांनी देह ठेवला. अठ्ठावीस वर्षांचा हा संसार. पहिला संसारही जवळजवळ तेवढ्याच वर्षांचा होता. मग एकास ‘जीवन’ आणि दुसऱ्यास ‘उत्तरायुष्य’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आता आरंभी दिलेले वचन पाळतो. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत निवृत्तिवेतनाच्या फायली पाहतो. निवृत्तीनंतर विवाह केलेल्या पत्नीसही कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, असा नियम आहे. त्यासाठी नावाची नोंद करावी म्हणून येणारे अर्ज आमच्या टेबलावर येतात, आणि खरे सांगावयाचे तर शेजारच्या सहकाऱ्याकडे तो कागद सरकवून आम्ही हसलो आहोत. आमचे तीर्थरूप पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. आमच्या मातोश्रींना जाऊन चार वर्षे झाली. त्या दिवशी मेट्रोतून परतल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर, त्यांनी आम्हांस सांगितले की चिपळुणातील एका निवृत्त मुख्याध्यापिकेशी विवाह करण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांच्या तोंडून ते बाहेर पडण्यास फार वेळ लागला. आमच्या तोंडून मात्र उत्तर लगेच निघाले: “बाबा, ह्या वयात?” पाठोपाठ ताईचा फोन आला, तिने राहत्या घराचे काय, असे विचारले. वडील दुसऱ्या दिवशी त्याविषयी काही बोलले नाहीत, आणि आठ दिवस आधीच गावी परतले.

दुर्गाबाई कोण, हा त्यांचा प्रश्न आमच्याकडे राहून गेला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. आमचे वडील चिंतामणराव नव्हेत, आणि त्या बाईंनी मंत्र्यांना दारात अडविल्याचेही ऐकिवात नाही. पण त्यांनी तीस वर्षे शाळा चालविली आणि यांनी चाळीस वर्षे लोकांची पत्रे पोहोचती केली. पुरे झालेली दोन आयुष्ये एकमेकांच्या शेजारी बसू इच्छितात, एवढेच त्यांचे मागणे. त्याला परवानगी देणारे आम्ही कोण? नोंदणी विवाहास तीन साक्षीदार लागतात. काल आम्ही चिपळूणला पत्र टाकले आहे. त्यात दुर्गाबाई आपल्याकडच्या कशा झाल्या ते सविस्तर लिहिले, आमच्या त्या रात्रीच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली, आणि तिसरा साक्षीदार शोधण्याची त्यांनी तसदी घेऊ नये, असेही कळविले आहे.