सशाचा माग आणि कुत्र्याची शिकवण

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५०मध्ये डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे आपण वाचत आलो. त्याआधीपासून कर्जत-खालापूरचे ठाकर आणि कातकरी या रानात वावरत होते. कंदमुळे, मध, लहान शिकार यांवर त्यांची गुजराण चाले आणि सशामागे त्यांची गावठी कुत्रीही धावत. ही कुत्री शिकत कशी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण इंग्लंडात याच विद्येवर ग्रंथ झाले.

पीटर बेकफर्ड यांचा ‘थॉट्स ऑन हंटिंग’ हा ग्रंथ १७८१चा. तिकडे सशासाठी बीगल ही बुटकी, तिखट नाकाची जात पाळत. कोवळी पिल्ले जाणत्या कुत्र्यांबरोबर सोडत. ती मेंढरांमागे लागली तर आवरत. ससा मोठे वळण घेऊन बहुधा निघाल्या जागेकडेच परततो. वाटेत उलटा फिरतो, बाजूला उडी मारून वास तोडतो. तुटलेला माग धीराने जुळवायचा आणि जुळताच भुंकून सांगायचे, हा पिल्लाचा खरा धडा.

देशावरची रीत वेगळी. उघड्या माळावर मुधोळ, कारवान ही लांब पायांची कुत्री ससा नजरेने हेरून वेगाने गाठतात. माथेरानच्या उतारावर, करवंदीच्या जाळ्यांत, नजर फार पुढे जात नाही; तिथे नाकच कामाचे. म्हणून ठाकरवाडीचा कुत्रा रूपाने नव्हे, पण कामाने बीगलचा भाऊबंद, असे माझे मत आहे.

१८७८च्या वन कायद्याने राखीव रानातली शिकार आणि फासे सरकारी नियमांखाली आले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने सशासाठी परवाना लागू लागला. १९९१च्या दुरुस्तीनंतर तोही मिळेनासा झाला. इंग्लंडातही २००४च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाच्या शिकारीवर बंदी आली, पण तिथली विद्या छापील पानांत उरली. मुधोळला २००५मध्ये टपाल तिकीट मिळाले. ठाकरवाडीच्या कुत्र्याला ना वंशावळ, ना ग्रंथ.

ससा वाचलाच पाहिजे, यात वाद नाही. मात्र त्याची बसायची जागा, वाऱ्याची दिशा, कुत्र्याच्या भुंकण्यातले फरक हे ज्ञान आता गुन्ह्याच्या सावलीत गेले आहे. ते सांगू शकणारी म्हातारी माणसे वाड्यांवर आहेत, तोवर भीती न घालता त्यांच्याकडून ते लिहून घेतले पाहिजे. माथेरानचा इतिहास मॅलेटच्या आधीपासून मांडायचा, तर ही नोंद त्यात हवी.